मस्टरवर लिहिलेले मत

गोव्यात औद्योगिक वसाहतींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते: ‘आमच्या पोरांना कारखान्यात राबायला नको, सरकारी खुर्ची हवी.’ कारखानदार ते बोलतो, राजकारणी बोलतो, गाड्यावर भजी-पाव खाणारा निवृत्त हेडमास्तरही बोलतो. मे २०२४ मध्ये इथल्या औषध कारखान्यांसाठी भरतीच्या मुलाखती शेजारच्या महाराष्ट्रात ठेवल्याच्या जाहिराती बाहेर आल्या, तेव्हा काही दिवस गदारोळ माजला. गदारोळ ओसरल्यावर मागे उरले ते हेच वाक्य.

हल्ली त्याच्या जोडीला एक कागदही असतो: वर्षातून एकदा भरून घेतलेला ‘कर्मचारी समाधान’ फॉर्म आणि त्याचा रंगीत अहवाल. पाचपैकी सरासरी चार गुण. म्हणजे जे आत आहेत ते खूश आणि जे येत नाहीत ते आळशी, असा सोयीचा हिशेब जमतो. आमचे म्हणणे असे की हे वाक्य आणि हा कागद दोन्ही एकाच कारणाने खोटे आहेत. ज्याचे मत हवे त्याला विचारलेलेच नाही. त्याने मात्र आपले मत कधीच लिहून ठेवले आहे. ते मस्टरवर म्हणजे हजेरीपटावर आहे, ओटीच्या (ओव्हरटाइमच्या) रजिस्टरमध्ये आहे, पीएफच्या पासबुकात आहे. ते वाचायला कोणी बसत नाही, एवढेच.

फॉर्म कोणाला मिळतो तिथूनच सुरुवात करू. समजा वेर्णा, कुंडई किंवा थिवी वसाहतीतला एक मध्यम कारखाना आहे. तिन्ही शिफ्ट मिळून फाटकातून दिवसाला चारशे माणसे आत येतात. त्यातली दीडशे कंपनीच्या पटावरची, दोनशे तीन-चार ठेकेदारांची आणि पन्नास ॲप्रेंटिस व ट्रेनी. फॉर्म जातो दीडशेंकडे. एकशे दहा भरून येतात आणि अहवालात छापले जाते, प्रतिसाद ७३ टक्के. फाटकावर मोजला तर तोच प्रतिसाद २७ टक्क्यांच्या आसपास भरतो. पॅकिंग, लोडिंग, सफाई, बॉयलरची राख काढणे, रात्रपाळीची हेल्परी ही ज्या कामांत माणूस सर्वांत लवकर सोडून जातो, ती जवळपास सगळी उरलेल्या अडीचशेंच्या माथी असतात. ॲप्रेंटिसची गत तर आणखी मजेशीर. १९६१ चा कायदा त्याला कामगार मानतच नाही, तो शिकाऊ. पण लाईनवर माणूस कमी पडला की आठ तास उभा करायला तोच पहिला सापडतो.

ठेकेदाराच्या माणसांना का विचारत नाही, याचे एचआरकडे एक उत्तर असते आणि ते मोठ्याने दिले जात नाही. आपण थेट विचारले तर उद्या कोर्टात ‘देखरेख तुमची, नियंत्रण तुमचे, म्हणजे माणूसही तुमचाच’ असा दावा उभा राहील, ही भीती. भीती अगदीच निराधार नाही. ठेका खरा की नावापुरता, हे ठरवताना न्यायालये देखरेख कोणाची हेच पाहतात. पण बस, कॅन्टीन, पिण्याचे पाणी, विश्रांतीची खोली, हातमोजे यांबद्दल विचारण्याने त्यात काहीच भर पडत नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो भरून देण्याची जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून मुख्य मालकावर आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी (जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या नव्या कायद्यांनी) तर कॅन्टीन आणि इतर कल्याणसुविधा थेट मुख्य मालकाच्या गळ्यात घातल्या आहेत. जे पुरवणे तुमचे काम आहे ते बरे आहे की वाईट, हे विचारल्याने माणूस तुमच्या पटावर चढत नाही.

त्याच संहितांनी दुसरीकडे मात्र पळवाट रुंद केली. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी पूर्वी वीस माणसांपासून लागू होत, आता पन्नासपासून. छोट्या वसाहतींत पस्तीस-चाळीस माणसांचे ठेकेदार आधीच पुष्कळ आहेत. त्यांच्यावरची नजर आता आणखी सैल होणार.

पटावरच्या दीडशेंचे तरी खरे मत कळते का? फॉर्म ऑनलाइन असतो आणि नोटीस बोर्डावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. औषध कारखान्याच्या उत्पादन विभागात मोबाइल नेता येत नाही, तो लॉकरमध्ये. मग सुपरवायझर जेवणाच्या सुट्टीत माणसांना ऑफिसातल्या संगणकावर बसवतो आणि स्वतः पाठीमागे उभा राहतो. लॉगिन एम्प्लॉयी कोडने. वर ठळक अक्षरांत लिहिलेले असते, ‘आपली माहिती गुप्त राहील.’ नाव नाही टाकले तरी विभाग, लिंग, वयोगट आणि नोकरीची वर्षे भरावीच लागतात. क्वालिटी कंट्रोलच्या मायक्रोबायोलॉजी विभागात सहा माणसे, त्यात बायका दोन, पस्तिशीच्या आतली एक. नाव लिहायची गरज उरलीच कुठे? ज्या गटात दहाहून कमी माणसे आहेत त्याचा आकडा वेगळा दाखवायचा नाही, हा साधा नियम पाळला तर अर्धी भीती जाईल. अहवाल मागवणाऱ्याला नेमका तोच आकडा हवा असतो.

भाषा हा वेगळाच घोटाळा. फॉर्म इंग्रजीत, फार तर हिंदीत. लाईनवर कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी आणि ओडिया. ‘संस्थेचे ध्येय माझ्या कामाशी जुळते’ यावर किती गुण द्यायचे, हे बेळगावकडच्या फिटरला कळत नाही. तो शेजाऱ्याकडे पाहून चारवर टिचकी मारतो आणि पुढच्या एकोणचाळीस प्रश्नांनाही चारच देतो. सगळीकडे एकच आकडा भरलेले असे फॉर्म मोजणीतून बाजूला काढावे लागतात. ते कोणी काढत नाही, कारण काढले तर प्रतिसादाची टक्केवारी कोसळते. सरासरीही फसवी. दहा जणांपैकी पाचांनी पाच दिले आणि पाचांनी दोन, तरी सरासरी साडेतीन. दहाही जणांनी तीन-चार दिले तरी साडेतीनच. पहिल्या विभागात काहीतरी पेटले आहे, दुसऱ्यात निवांत चालले आहे. अहवालात दोघांना एकच पिवळा रंग. आणि फॉर्म येतो कधी? बहुधा दिवाळीचा बोनस हातात पडल्यावरच्या पंधरवड्यात. हा योगायोग म्हणून सोडून देऊ.

खरी गोष्ट अशी की कारखान्यातल्या माणसाला भावना विचारायची गरजच नाही. त्याला मोजता येण्याजोगे विचारावे. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ याऐवजी ‘काल जेवायला बसल्यापासून उठेपर्यंत किती मिनिटे मिळाली?’ हा प्रश्न टाकून पाहा.

औषध कारखान्याच्या पॅकिंग हॉलमधला अर्ध्या तासाचा जेवणाचा वेळ घ्या. कायद्याने सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागते आणि कागदावर ती दिलेलीही असते. आता त्या अर्ध्या तासाचा हिशेब करू. गाऊन, टोपी, मास्क आणि बूट-कव्हर उतरवून चेंज रूमच्या बाकाच्या अलीकडे यायला पाच मिनिटे. कॅन्टीनपर्यंत चालायला चार. रांगेत सहा. परत चालायला चार. हात धुऊन, वाळवून, सॅनिटायझर लावून पुन्हा गाऊन चढवायला सहा. पंचवीस झाली. भात, आमटी आणि सुंगटांची किसमूर पाच मिनिटांत गिळायची. यावर उपाय महागडा नाही. पॅकिंगच्या दोन लाईनींच्या सुट्टीत वीस मिनिटांचे अंतर ठेवले की रांग मोडते. चेंज रूममध्ये आणखी दोन बाक आणि एक हात-वाळवणी लावली की आणखी चार-पाच मिनिटे सुटतात. पण जेवणाबद्दल फॉर्मवर प्रश्न असतो तो ‘कॅन्टीनच्या दर्जाबद्दल आपले मत’ असा. माणूस तीन गुण देतो, कॅन्टीनचा कंत्राटदार बदलला जातो आणि रांग तेवढीच राहते.

सकाळच्या हजेरीचेही तेच. शिफ्ट सातची. सातला मशीन सुरू हवे, म्हणजे गाऊन घालून माणूस ६.५५ ला लाईनवर हवा, म्हणजे तो ६.४० ला फाटकात पंच करणार. पगार मोजायला सुरुवात सातपासून. रोज वीस मिनिटे, महिन्याचे सव्वीस दिवस: ५२० मिनिटे, म्हणजे आठ तास चाळीस मिनिटे. महिन्याला एक अख्खी पाळी आणि वर तासाचा बराचसा भाग फुकट जातो. उलट बाजूने, सात वाजून तीन मिनिटांनी पंच पडला की पंधरा मिनिटांचा पगार कापण्याची पद्धत सर्रास आहे. पंचिंगचा डेटा संगणकात मिनिटासकट असतो. लवकर आलेली मिनिटे आणि उशिरा आलेली मिनिटे दोन शेजारच्या रकान्यांत मांडायला एका कारकुनाला एक दुपार पुरेल.

आता बस. आळशी गोवेकराची सगळी दंतकथा या बसमध्ये बसलेली आहे. वाळपई ते वेर्णा हे अंतर पन्नासएक किलोमीटरचे. समजा कंपनीची बस फोंड्याहून पावणेसहाला सुटते. वाळपईकडचा, सत्तरी तालुक्यातला मुलगा पाचला घर सोडतो, फोंड्यापर्यंत दुचाकीने येतो, पावसात रेनकोट घालून. शिफ्ट तीनला सुटते, बस सव्वातीनला, घर गाठेपर्यंत पाच. आठ तासांच्या नोकरीला बारा तास गेले. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीहून गोव्यात येणाऱ्यांची कथाही वेगळी नाही. आता सुपरवायझर म्हणतो, दोन तास ओटी कर. पाचला सुटल्यावर पुढची बस जनरल शिफ्टबरोबर पावणेसहाला. तीही फोंड्यापर्यंतच. दोन तासांच्या ओटीसाठी घरी पोचायला साडेसात-आठ, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. तो नाही म्हणतो.

झुआरीनगरला किंवा उपासनगरला खोली करून राहणारा बाहेरगावचा कामगार मात्र हो म्हणतो. खोलीत पाच जण, कारखाना पंधरा मिनिटांवर, घरी वाट पाहणारे कोणी नाही, गावाला पैसे पाठवायचे आहेत. ओटी हाच त्याचा खरा पगार. सुपरवायझरच्या डोक्यात नोंद पक्की होते: हा काम करतो, तो करत नाही. सहा महिन्यांनी कायम करायची वेळ आली की ही नोंद उपयोगी पडते. इथे दोन माणसांच्या स्वभावांची तुलना झालेली नाही, दोन अंतरांची झाली आहे. ओटीवाल्यांसाठी साडेपाचला एक छोटी बस वाळपई-डिचोली मार्गावर सोडली तर ओटीला किती स्थानिक हो म्हणतात, हे एका महिन्यात दिसेल. खर्च म्हणाल तर एका मिनीबसचे भाडे. (बसच्या विषयात आणखी एक गोष्ट विसरू नये. मे २०२४ मध्ये वेर्णा वसाहतीत एका कारखान्यासाठी धावणारी बस रस्त्याकडेच्या झोपड्यांत घुसली आणि झोपलेले चार मजूर गेले. त्या झोपड्यांत राहणाऱ्यांना कोणत्याच फॉर्मवर जागा नव्हती.)

ओटीच्या दरावर तर स्वतंत्र प्रश्नच हवा. दुप्पट दराने पैसे मिळतात, असे सगळेच सांगतात. कशाच्या दुप्पट? समजा महिन्याचा पगार १८,००० रुपये: मूळ वेतन व महागाई भत्ता १२,०००, घरभाडे ४,०००, प्रवासभत्ता २,०००. सव्वीस दिवस आणि आठ तास धरले तर संपूर्ण पगारावर ताशी दर साधारण ८६.५० रुपये आणि दुप्पट १७३. फक्त मूळ वेतनावर धरला तर दुप्पट ११५. चाळीस तासांच्या ओटीला फरक २,३०० रुपयांहून जास्त. १९४८ च्या कारखाना कायद्यात ओटीचा दर मूळ वेतन अधिक भत्त्यांवर मोजायचा होता, तरी कित्येक ठिकाणी तो मूळ वेतनावरच मोजला जाई. नव्या संहितांत ‘वेतन’ या शब्दाची व्याख्याच वेगळी आहे. घरभाडे आणि प्रवासभत्ता तिच्या बाहेर, मात्र असे वगळलेले भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात परत धरायचा. वरच्या उदाहरणात वगळलेले भाग ६,००० आहेत, निम्म्याहून कमी. म्हणजे जो दर काल चूक होता तो आज बरोबर ठरतो. याउलट ज्याचे मूळ वेतन एकूण पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर दाबून ठेवले होते त्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी वाढू शकते. नव्या कायद्याने कामगाराचे भले झाले की वाईट, यावर वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंनी लिहून आले. उत्तर प्रत्येकाच्या पगार स्लिपवर वेगळे आहे. स्लिप समजावून सांगणारा माणूस महिन्यातून एक तास कॅन्टीनमध्ये बसवा, मग मत विचारा.

बायकांच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो, कारण ती कुठेच लिहिली जात नाही. औषध कारखान्याच्या पॅकिंग लाईनवर बायकांची संख्या मोठी असते. लाईन चालू असताना बाथरूमला जायचे तर जागा धरायला रिलीव्हर लागतो. दहा जणींमागे एक रिलीव्हर असेल तर निभते. माणसे कमी पडली की पहिल्यांदा कापला जातो तो रिलीव्हर, कारण कागदावर तो ‘जादा’ असतो. मग बायका सकाळपासून पाणी कमी पितात. एप्रिल-मे महिन्यात त्याचे काय होते ते ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारा. मूत्रमार्गाच्या तक्रारीची चिठ्ठी आणि रिलीव्हरची रद्द झालेली जागा यांचा संबंध कोणत्याही समाधान-निर्देशांकात सापडणार नाही.

कामगाराचे सर्वांत किमती मत स्वतःबद्दलचे नसून मशीनबद्दलचे असते, असे आम्हाला वाटते. जून लागला की वीज झपझप करू लागते. क्षणभर गेली तरी गोळ्या पट्ट्यांत बंद करणाऱ्या ब्लिस्टर मशीनच्या सीलिंग रोलरचे तापमान उतरते, आणि ते परत चढेपर्यंत निघालेल्या पट्ट्यांचे सील कच्चे. त्या बाजूला काढायच्या, मोजायच्या, बॅच रेकॉर्डमध्ये नोंदवायच्या, नष्ट करायच्या. पुढच्या पट्ट्यांची लीक टेस्ट करायची: मिथिलीन ब्लूच्या निळ्या द्रावणात बुडवून वरची हवा ओढून घ्यायची. निळा रंग आत शिरला तर सील कच्चे. यात वीस-पंचवीस मिनिटे जातात. दिवसात तीनदा झाले तर सव्वा तास. टार्गेट मात्र पूर्ण पाळीचे. पाळीअखेरीस ‘उत्पादन कमी’ असा शेरा ऑपरेटरच्या नावावर. कोणत्या झपकीला कोणता हीटर आधी हात टेकतो, तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची तार कुठे सैल झाली आहे, हे त्याला पाठ असते. ब्रेकडाऊन रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात ‘इलेक्ट्रिकल’ एवढाच शब्द लिहायला जागा आहे. तिथे दोन ओळींची जागा आणि खाली ऑपरेटरची सही, एवढा बदल कुठलाही सल्लागार न नेमता होतो.

अपघाताच्या फलकाबद्दलही बोलले पाहिजे. फाटकाशी हिरवा बोर्ड: ‘अपघाताविना इतके दिवस.’ ज्या इजेमुळे माणूस ४८ तास किंवा अधिक काम करू शकत नाही ती कारखाना निरीक्षकाला कळवावी लागते. म्हणून बोट ठेचलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावून ऑफिसात खुर्चीवर बसवून ठेवण्याची युक्ती या धंद्यात जुनी आहे. पंच पडला, म्हणजे तो ‘कामावर’ आहे. ठेकेदाराचा माणूस असेल तर स्कूटरवर मागे बसवून खासगी दवाखान्यात, बिल ठेकेदार देणार, ईएसआयकडे कागदच जात नाही. पुढे बोट वाकेनासे झाले तर अपंगत्वाचा लाभ मागायला पुरावा कुठून आणायचा? बोर्डावरचा आकडा तोवर वाढतच असतो.

आता त्या सरकारी खुर्चीकडे वळू. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतल्या घरांनी सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी एका फटक्यात बंद झालेल्या पाहिल्या. पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रकचे हप्ते थकले, बार्जवाले घरी बसले, गॅरेजांना कुलपे लागली. बंदी योग्य होती की नव्हती, हा वेगळा वाद. पण खासगी नोकरी एका सकाळी जाते, हे ज्या मुलाने दहाव्या वर्षी आणि पुन्हा सोळाव्या वर्षी घरात पाहिले, त्याला अकरा महिन्यांच्या ठेक्याचे आकर्षण का वाटावे? तो सरकारी शिपायाच्या जागेसाठी थांबतो तेव्हा तो सुरक्षिततेची किंमत लावत असतो, आणि बाजारात ती दुसरीकडे मिळत नाही असे त्याला दिसते. कारखान्याने तिचा निम्मा भाग दिला तरी बरेच जण येतील. ठरलेल्या तारखेला पगार, महिनाभर आधी कळणारी पाळी, कायम होण्याची लेखी तारीख. नेमणूकपत्र देणे संहितेने आता सक्तीचे केले आहे. त्यात तारीख लिहिली जाते की फक्त ‘व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार’ हा शब्दप्रयोग, ते पाहायचे.

‘ब्रेक’ची प्रथा इथेच उघडी पडते. वर्षात २४० दिवस काम भरले की सलग एक वर्षाची सेवा धरली जाते. ते भरू नयेत म्हणून मध्येच काही दिवस बसवायचे, किंवा ठेकेदाराचे नाव बदलायचे. ओळखपत्र नवे, रंगही नवा, मशीन तेच. पण पीएफचा यूएएन क्रमांक माणसाला चिकटलेला असतो. ठेकेदार बदलला की त्याच क्रमांकाखाली नवी मेंबर आयडी तयार होते. पासबुक उघडले की तीन आयडी आणि तीन वर्षांचा जवळपास सलग भरणा दिसतो. माणूस त्याच फाटकातून आत जात होता, याचा तो सरकारनेच ठेवलेला दाखला. हा दाखला आपल्याजवळ आहे, हेच कामगारांना ठाऊक नसते. उलट दर ब्रेकला पीएफ काढून घेण्याचा मोह होतो, आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवा कधी भरतच नाही.

नोकरी सोडताना तरी माणूस खरे बोलतो का? एक्झिट फॉर्मवर दहातले नऊ जण ‘वैयक्तिक कारण’ लिहितात. लिहिणारच. फायनल सेटलमेंट अडकलेली आहे, अनुभवाचे पत्र मिळायचे आहे. नवी वेतनसंहिता दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायला सांगते. तो चुकता झाल्यावर, तीन महिन्यांनी, एचआरबाहेरच्या कोणीतरी फोन करून चारच प्रश्न विचारावेत: किती वाजता घर सोडत होतात, सोडण्याआधीच्या महिन्यात किती पाळ्या ऐनवेळी बदलल्या, शेवटचा वाद कशावरून झाला, आता किती किलोमीटरवर काम करता. पन्नास फोन पुरतात. त्यांतून जे निघेल ते चाळीस प्रश्नांच्या फॉर्ममधून दहा वर्षांत निघणार नाही.

सरकारलाही यातला आपला वाटा टाळता येणार नाही. १९६० च्या दशकात औद्योगिक विकास महामंडळ उभे राहिल्यापासून या वसाहतींची जमीन, रस्ते, पाणी यांत लोकांचा पैसा आहे. सवलतींच्या बदल्यात स्थानिकांना रोजगार, ऐंशी टक्के जागा स्थानिकांना ही भाषा, हे सगळे आपण वर्षानुवर्षे ऐकतो. पण मोजले काय जाते? किती घेतले. किती टिकले, हे विचारले जात नाही. जानेवारीत शंभर गोमंतकीय घेतले आणि डिसेंबरात पंधरा उरले तरी अर्जावर शंभरच राहतात, पुढच्या जानेवारीत आणखी शंभर. टिकण्याचे प्रमाण काढायला नवी यंत्रणा लागत नाही. पीएफच्या मासिक भरण्यात प्रत्येक यूएएन असतो. बारा महिन्यांपूर्वीच्या यादीतले किती क्रमांक त्याच फाटकामागे आजही आहेत, ठेकेदारांच्या भरण्यासकट, एवढे काढायचे. सवलतीचा पुढचा हप्ता त्या आकड्याला बांधावा. काही कारखानदार ओरडतील की पोरे दुबईला जातात, बोटीवरच्या नोकरीला जातात, त्याला आम्ही काय करणार. बरोबर आहे, जातात. म्हणूनच एकाच वसाहतीतले एकाच प्रकारचे दोन कारखाने शेजारी ठेवून पाहायचे. बोट दोघांच्याही पोरांना बोलावते. एकाकडे सत्तर टिकतात आणि दुसऱ्याकडे वीस, तर फरक बोटीचा नाही.

तक्रार निवारण समिती वीस किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी असायला हवी. निम्मे सदस्य कामगारांचे, बायका त्यांच्या संख्येच्या प्रमाणात. कागदावर ती बहुतेक ठिकाणी आहे. तिच्या बैठकांची इतिवृत्ते वाचलीत तर बहुधा कॅन्टीनची पोळी आणि पार्किंगचे पत्रे एवढेच विषय सापडतील. पंचिंगची मिनिटे, ओटीचा दर, रिलीव्हर, ब्रेक यांतले काही नाही. कामगारांचे सदस्य कोणी निवडले, हे विचारले की ‘एचआरने नावे सुचवली’ असे उत्तर येते. चिठ्ठ्या टाकून निवडा, निकाल फाटकावर लावा, इतिवृत्त पंधरा दिवसांत मराठी, कोकणी, हिंदी, कन्नडमध्ये बोर्डावर लावा. आणि प्रत्येक मागणीपुढे ‘होईल’ किंवा ‘होणार नाही’, तारीख आणि जबाबदार माणसाचे पद. ‘विचाराधीन’ हा शब्द त्या कागदावर चालू देऊ नका. ‘होणार नाही’ हे उत्तर कामगार पचवतो. उत्तरच न येणे मात्र त्याला पचत नाही. पुढच्या वर्षी तो फॉर्मवर सगळीकडे चार भरून मोकळा होतो.

ज्यांना एवढेही नको त्यांनी चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवड्याचे मस्टर काढून पाहावे. त्या आठवड्यात प्रत्येक वसाहतीत हजेरी कोसळते आणि व्यवस्थापन नोटीस लावते: विनापरवाना गैरहजर राहिल्यास कारवाई. जिथे मुरलेला सुपरवायझर आहे तिथे मात्र लाईन चालू असते. त्याच्या खिशातल्या वहीत जूनमध्येच लिहिलेले असते: चवथीला कुठ्ठाळी-माजोर्ड्याची ख्रिस्ती मुले दोन्ही पाळ्या धरतील, नाताळात त्यांच्या जागी फोंडा-डिचोलीची, छटपूजेला बिहारचे चौघे जातील आणि परत आल्यावर शिगम्याच्या रात्री तेच उभे राहतील. ही अदलाबदल माणसांनी आपापसांत ठरवलेली असते, रजेच्या नियमात ती कुठेच नाही. सुपरवायझरची बदली झाली की वही त्याच्याबरोबर जाते, आणि पुढच्या चवथीला फाटकावर नोटीस पुन्हा लागते.